रंग न कळणाऱ्या माणसाची मुलगी

माझ्या वडिलांची कायम होऊ घातलेली नोकरी ठिपक्यांच्या एका पुस्तकाने घालवली. भंडाऱ्याकडून ते पुण्यात आले, चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, आणि पर्मनंट करायच्या वेळी डॉक्टरने त्यांच्यासमोर ते पुस्तक धरलं. पानभर रंगीत ठिपके, त्यांत दडवलेला आकडा. पहिल्या पानावरचा बारा बाबांनी वाचला. पुढच्या पानावर त्यांना नुसते ठिपके दिसले, त्याच्या पुढच्या पानावरही. रांगेतला मागचा माणूस त्यांच्या खांद्यावरून धडाधड आकडे सांगत होता. बाबांना वाटलं, हे दोघं मिळून आपली थट्टा करतायत. डॉक्टरने कागदावर शेरा मारला आणि पुढच्याला बोलावलं. लहानपणी गावात हिरव्या-पिकल्यातला घोळ व्हायचा तेव्हा लोक हसायचे, तेवढंच. या प्रकाराला एक नाव आहे आणि त्या नावापायी माणसाची नोकरी जाते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग जे काही उरलं ते कात्रजला, टेकडीच्या पोटाशी, पत्र्याच्या एका खोलीत. पाणी टँकरचं. टँकरला तो चढ झेपायचा नाही, म्हणून आई हंडे घेऊन खाली जायची. सकाळी ती आसपासच्या घरी पोळ्या लाटायला जायची आणि आमच्या पोळ्या शेवटी, उरलेल्या दमात व्हायच्या. गावाकडचे पाहुणे आले की आधी सर्पोद्यानातले साप बघायचे, मग आमच्याकडे चहा प्यायचे. एका मामाने परत जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं की पुण्यात साप यांच्यापेक्षा बऱ्या जागेत राहतात. त्यात खोटं काही नव्हतं.

बाबांनी रेडिओ दुरुस्ती शिकून घेतली. कोणाकडे दोन वर्षं हाताखाली काम केलं आणि बुधवार पेठेतल्या एका बोळात जिन्याखाली स्वतःचं टेबल टाकलं. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे, त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलंच. बोळाच्या तोंडाशी रेडिओ-टीव्हीचं मोठं दुकान होतं. त्या दुकानाचे शेठ बिघडलेले सेट बाबांकडे पाठवायचे. आमचं घर त्या कामावर चालायचं, दुसरं काही नव्हतं.

आता यात गंमत अशी की रेडिओच्या पोटात रेझिस्टर नावाचे बोटाच्या पेराहून लहान भाग असतात आणि त्यांची किंमत त्यांच्यावर आकड्यांत लिहिलेली नसते. रंगीत पट्टे असतात. काळा म्हणजे शून्य, चॉकलेटी एक, लाल दोन, नारिंगी तीन, हिरवा पाच. बाबांना पिवळा आणि निळा कळायचा. लाल, हिरवा, चॉकलेटी, नारिंगी हे सगळं त्यांच्या लेखी मळकट. सुईचा मीटर होता, पण जळलेल्या भागावर मीटर गप्प बसतो आणि सर्किटात अडकलेल्या भागावर खोटं बोलतो. पट्टे वाचावेच लागतात. म्हणजे ठिपक्यांच्या पुस्तकातून सुटून माझे वडील थेट पट्ट्यांच्या पुस्तकात येऊन पडले होते. दुसरा कोणी असता तर त्याने भाजीची गाडी लावली असती. पण त्यांना सर्किट कळायचं, आणि जे कळतं ते सोडायचं नाही असा त्यांचा स्वभाव.

सुरुवातीला आई पट्टे वाचून द्यायची. दिवसभराचे भाग बाबा काडेपेटीत घालून घरी आणायचे. आई एकेक उचलून सांगायची, "हा डाळिंबी. हा अबोली. हा असा चिंतामणी, पण जरा उतरलेला."

बाबा कपाळाला हात लावायचे. "कंपनी दहाच रंग लावते वं! तू साड्याईचं दुकान नको मांडू."

"मंग सांगा तुम्हीच," आई म्हणायची, आणि बाबा हसून गप्प व्हायचे.

मी अक्षरं शिकले त्याच सुमारास हे काम माझ्याकडे आलं. शाळा सुटली की मी बाबांचा डबा घेऊन कात्रजहून बसने पेठेत यायची आणि टेबलाखालच्या खोक्यावर बसायची. रंगाचं सगळं काम बाबांनी बाजूला काढून ठेवलेलं असायचं. सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "संध्याकाळी या जी, निवांत पाहून ठेवतो." लोकांना वाटायचं, माणूस जरा आळशी आहे. रंगाची नावं मोठ्याने घ्यायची नाहीत, हा आमचा नियम. मी आकडेच पुटपुटायची. चार, सात, दोन. एक, शून्य, तीन. वही मांडीवर असायची. शेठ एकदा जाता जाता थांबून म्हणाले, "अहो, मुलगी फार अभ्यासू दिसते. सारखी गणितं करते." बाबा म्हणाले, "हो जी, गणिताची आवड आहे तिले." मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

रंगीत टीव्ही आले तेव्हा खरी कमाल झाली. टीव्हीच्या मागे वाकून बाबा स्क्रू फिरवायचे आणि मी पुढे उभी. "बाईचा चेहरा कसा दिसून रायला?"

"हिरवा."

"आता?"

"आता कावीळ झाल्यासारखा."

"आता?"

"आता बरी आहे. जरा लाजलीय."

"लाजू दे, तेवढं चालते."

रंग न कळणाऱ्या माणसाने रंगवलेले ते चेहरे सदाशिव पेठेपासून स्वारगेटपर्यंत किती घरांत रोज बातम्या सांगत होते, याचा मला आजही अभिमान वाटतो. मग केबल आली, बाहेरच्या देशातले सेट आले, घरोघरी दुसरा टीव्ही आला. लोक म्हणतात, त्या वर्षांत देश उघडला. आमच्यासाठी सेट घेऊन येणारा शेठचा टेंपो आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा येऊ लागला, एवढाच उघडला. पण तेवढ्यावर मी अकरावी सायन्सला गेले. घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

कॉलेज पेठेतच होतं. शाळा मराठी, इथे सगळं इंग्रजीत, आणि वर्गात अर्ध्या मुलांचे वडील डॉक्टर किंवा दुकानदार. शेठचा मुलगाही त्याच वर्गात होता. तो मला डबेवाली मुलगी म्हणून ओळखायचा, वाईट नव्हता. जीवशास्त्राच्या मॅडम पुण्यातल्या, कोरड्या बोलायच्या. बारावीतला प्रजननाचा धडा त्यांनी पंख्याकडे बघत शिकवला, दीड तासात संपवला आणि "आकृत्या घरी काढा" म्हणाल्या. जैवतंत्रज्ञानाचा धडा शेवटचा, त्याला गुण कमी, म्हणून तो वाचून घ्या असं सांगितलं. पण आनुवंशिकता त्यांचा आवडता विषय. तिथे त्या खडू मोडेपर्यंत लिहायच्या.

त्या दिवशी फळ्यावर त्यांनी एक पुरुष काढला, एक स्त्री काढली. पुरुषाचा एक्स आणि वाय, स्त्रीचे दोन एक्स. पुरुषाच्या एक्सवर एक छोटा तारा. "हा रंगांध. याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही."

मागून एकजण म्हणाला, "मॅडम, मग तो सिग्नल तोडत असेल."

"पुण्यात दिसणारेही तोडतात. पुढे बघ." मॅडमनी फळ्यावर बाण काढले, मुलग्याला चौकोन, मुलीला अर्धा काळा गोल. "मुलग्याला बापाकडून वाय जातो, एक्स जात नाही. म्हणजे याचे मुलगे सुटले. मुलींना मात्र बापाचा एक्स जातोच जातो. त्यांना रंग दिसतात, कारण दुसरा एक्स चांगला आहे. पण त्या वाहक. तो तारा त्यांच्यातून पुढे त्यांच्या मुलांकडे जाऊ शकतो."

फळ्यावर बाणाच्या टोकाला ती जी गोल, अर्धी काळी केलेली मुलगी होती, ती मी होते. कोणी मला आधी काही सांगितलं नव्हतं. आणि तेवढ्यात शेठच्या मुलाने, अगदी सहज, स्वतःच्या ज्ञानावर खूश होत म्हटलं, "मॅडम, आमच्या लाइनमध्ये असा माणूस शून्य उपयोगाचा. रेझिस्टरसुद्धा ओळखता येणार नाही त्याला."

मी उभी राहिले. मला कोणी उठवलं नव्हतं.

"माझ्या वडिलांना लाल-हिरवं कळत नाही. ते रेडिओ दुरुस्त करतात, टीव्ही करतात. तुझ्या दुकानाचे करतात. माझ्या जन्माच्या आधीपासून करतायत."

मॅडमनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे उदाहरण वर्गातच बसलंय आणि मी फळ्यावर वेळ घालवतेय. बस खाली. वडिलांना माझा नमस्कार सांग."

पुष्कळ लोकांनी मला पुढे विचारलं, त्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला का. पुढे जे झालं ते भोगूनही माझं उत्तर तेच आहे. नाही झाला.

शेठच्या मुलाने ते रात्रीच्या जेवणाला घरी सांगितलं. कौतुकानेच सांगितलं, भारी किस्सा म्हणून. त्या आठवड्यात टेंपो आला नाही. बाबा विचारायला गेले तर शेठ म्हणाले, "सध्या बाजार थंड आहे हो. बघू." बाजार थंड वगैरे काही नव्हता. टेंपो आमच्या बोळासमोरून भरून जात होता आणि तपकीर गल्लीतल्या दुसऱ्या कोणाकडे वळत होता. बाबांनी डोळ्यांनी बघितलं. टेंपोचा रंग कळला नसेल, पण टेंपो कळतो की माणसाला.

मी शेठच्या मुलाला कॉलेजच्या जिन्यात गाठलं. तो चाचरत म्हणाला, "अगं, मी तक्रार म्हणून नाही सांगितलं. मला भारी वाटलं म्हणून सांगितलं."

"आता बोळात येऊन बघ. अजून भारी वाटेल."

घरी आईने पोळपाट आपटला. "शिकाले पाठवलं होतं तुले. घरचं सांगाले नाही पाठवलं. इतकी वर्षं तोंडाले कुलूप लावून काढली, अन्‌ तू चाळीस पोराईसमोर उभी राहून सांगतं?"

"खोटं सांगितलं का काही?"

"खरं सांगून पोट भरते काय? अन्‌ उद्या तुझं लगन? बापात दोष आहे, पोरीत आहे, असं आयकलं तर कोण करन?" मग तिने निर्णय दिला. कॉलेज बंद. आता सगळ्यांना कळलंच आहे, तर दिवसभर बापाजवळ बसायचं आणि पट्टे वाचायचे, म्हणजे निदान बाहेरचं फुटकळ काम तरी मिळेल. बारावीच्या परीक्षेला थोडेच महिने उरले होते. आता प्रॅक्टिकल संध्याकाळी ठेवली होती, त्याच वेळेला जेव्हा बाबांना मी लागायची. आईचा हिशोब सरळ होता.

बाबा काहीच बोलले नाहीत. माझ्याशी तर नाहीच. ते टेबलावर जायचे, बसायचे, परत यायचे. त्यांचा राग मला समजला असता. पण तो राग नव्हता, ती लाज होती, आणि ती मला सहन होईना. कारण मला आता माहीत होतं की यात लाजण्यासारखं काय आहे. काहीही नाही.

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्या पेटीतून बॅटरी, टॉर्चचा बल्ब आणि तारांचे तुकडे घेतले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर मांडले. आई भांडी घासत होती, पण कान इकडे.

"बाबा, हे बघा. बाईमाणसाकडे एक्स दोन असतात. समजा या दोन तारा." मी बल्बचं एक टोक बॅटरीला टेकवलं आणि दुसऱ्या टोकापासून बॅटरीपर्यंत दोन तारा समांतर जोडल्या. बल्ब लागला. एक तार काढली. बल्ब लागलेलाच.

"पॅरलल आहे," बाबा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांनी माझ्याशी काही बोलायचं तर हे बोलले.

"हो. आता पुरुष. एकच एक्स. दुसरा वाय, त्याच्यावर रंगाचं काही नाही. म्हणजे एकच तार." मी एकच ठेवली, आणि ती काढली. बल्ब विझला.

बाबा पुढे सरकले. त्यांनी स्वतः ती तार लावून बघितली, काढून बघितली. "म्हणजे माझ्यात पर्यायी लाइनच नाही."

"नाही. कोणत्याच पुरुषात नाही. तुमची तार तेवढी तशी निघाली."

"अन्‌ तुझ्यात?"

"माझ्यात एक आईची, चांगली. एक तुमची."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे मान वळवली. मग हळू विचारलं, "मले कोणाकडून आली?"

"तुमच्या आईकडून. मुलाला एक्स आईकडूनच येतो."

इथे मी थांबायला हवं होतं की नको, मला आजही सांगता येत नाही. कारण माझी आजी, बाबांची आई, त्या डोळ्यांपायी आयुष्यभर बोलणी खात आली होती. बाबा पोटात असताना तिने ग्रहणात विळीवर भोपळा चिरला होता, असं तिच्या सासरचे म्हणायचे. पोराने कच्च्या मिरच्या तोडून आणल्या की घरात सगळे तिच्याकडे बघायचे. ती तेच मानून मेली. आणि बाबाही मनातल्या मनात तेच मानत होते, आईला दोष देत नव्हते, पण मानत होते.

"म्हणजे तिच्यामुळंच," बाबा म्हणाले.

"तिच्याकडून आलं. तिच्यामुळे नाही झालं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्याकडे माझ्यासारख्याच दोन तारा होत्या, तिला सगळे रंग दिसायचे. तिच्याकडे कुठून आलं ते शोधा. तिच्या वडिलांना रंग कळायचे का?"

बाबांनी ती तार पुन्हा बॅटरीला लावली. मग एकदम म्हणाले, "आजा मिरच्या तोडाले कधीच येत नव्हता. मामाच्या वावरात सारे मिरच्या तोडत, अन्‌ हा बांधावर बसून राहे. आळशी म्हणत त्याले सारे. मरेपर्यंत आळशी म्हणत." आणि नंतर, अगदी स्वतःशी, "त्याले लाल दिसतच नव्हती मिरची."

मागे भांड्यांचा आवाज थांबला होता. आई हात पुसत आली. "म्हणजे भोपळ्याचं काहीच नव्हतं?"

"भोपळ्याचं काहीच नव्हतं."

"अन्‌ बुढीनं तीस वर्षं आयकून घेतलं," आई म्हणाली. ती सासूच्या बाजूने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चाल बेटा. कॉलेजात जायच्या आधी अर्धा तास माझ्यासंग ये."

शेठच्या दुकानात गर्दी होती. सकाळची, खरेदीवाली. चाचा कोणाचं तरी घड्याळ द्यायला आले होते, तेही तिथेच उभे. बाबा काउंटरपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेठ, तुम्ही आयकलं ते खरं आहे. मले लाल-हिरवं वेगळं नाही दिसत."

शेठनी इकडेतिकडे बघितलं. "अहो, आत या ना. आत बोलू."

"नाही जी. इतके वर्षं आतच होतो."

शेठनी समोरच्या बरणीतून मूठभर रेझिस्टर काउंटरवर ओतले. त्यांच्याही मनात वाईट नव्हतं बहुतेक, धंद्याची सवय. "बरं, मग हा कितीचा? सांगा."

बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "परीक्षा नाही देणार. एकदा दिली होती, त्यात नोकरी गेली. तुम्हाले परीक्षाच घ्यायची तर तुमच्या गिऱ्हाइकाईच्या घरी जाऊन सेट चालू करून पाहा. इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेला एक तरी सेट परत आला काय?"

शेठ म्हणाले, "आला नाही. पण दुकानाची इभ्रत असते हो. रंग न दिसणारा माणूस रंगीत टीव्ही करतो हे कळलं, तर गिऱ्हाईक हसत हसत समोरच्या दुकानात जाईल. आणि तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"आधी सांगितलं असतं तर दिलं असतं काम?"

त्या माणसाचं मला एवढंच आवडलं की तो खोटं बोलला नाही. "नसतं दिलं," शेठ म्हणाले.

चाचा पुढे झाले. "शेठ, मला तर हे कधीचं माहीत आहे."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तुम्ही विचारलं कधी? मुलगी आल्याशिवाय हा माणूस रंगीत सेट उघडत नाही, समजत नाही का शेजाऱ्याला." आणि चाचा घड्याळ ठेवून निघून गेले.

एक गिऱ्हाईक, हातात स्टॅबिलायझर घेऊन उभे असलेले गृहस्थ, घसा साफ करून म्हणाले, "आमचा टीव्ही यांनीच केलाय का? मग चालू द्या की. आमच्या घरात दिसणारे आहेत, त्यांच्या हातून रिमोटसुद्धा धड चालत नाही." हसण्यावारी जाणार होतं सगळं, पण बाबा हसले नाहीत.

शेठनी रेझिस्टर गोळा करून बरणीत भरले. "ठीक आहे. काम पाठवतो. पण रंगीत टीव्ही मात्र मुलगी हजर असेल तेव्हाच उघडायचा. ही अट."

मी मान खाली घातली. तीच संध्याकाळ, तेच प्रॅक्टिकल. आईने सांगितलेलं आता शेठच्या तोंडून आलं होतं.

"मुलगी कॉलेजात जाते जी," बाबा म्हणाले. "तिले आता परीक्षा आहे, अन्‌ पुढंही शिकायचं आहे. रंगीत टीव्हीचा चेहरा पाहाले तुमचा पोरगा पाठवा. बातमी त्यानंच पोचवली, आता त्याचे डोळे लागतील." काउंटरमागे शेठचा मुलगा उभा होता. त्याचे कान लाल झाले, आणि ते फक्त बाबांनाच दिसले नाहीत.

आणि तो आला, खरंच आला. आठवड्यातून दोन संध्याकाळी शेठचा मुलगा जिन्याखाली टीव्हीसमोर उभा राहून सांगायचा, "काका, थोडी हिरवी आहे अजून." पट्ट्यांसाठी मी सुट्टीच्या दिवशी बसून बाबांना डबीवर आकडे लिहून, भाग निवडून द्यायची. उघडपणे, टेबलावर, बोळातून जाणाऱ्यायेणाऱ्यांसमोर. कुजबुजणं संपलं. काही गिऱ्हाइकं गेली. बहुतेक राहिली. पुढे कॉम्प्युटर आले, त्यांतल्या बारक्या भागांवर कंपनी आकडेच छापू लागली. बाबा म्हणायचे, "उशिरा सुचलं यांले."

मी प्रॅक्टिकल एकही चुकवलं नाही. बारावीत जीवशास्त्रात मला कॉलेजमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे गुण होते. मेडिकलला लागतात तेवढे नव्हते, आणि त्याचं मला वाईट वाटलं असं मी सांगणार नाही. मला तो तारा कुठून येतो आणि कुठे जातो, यातच जायचं होतं. मी बी.एस्सी.ला गेले.

लग्नाचं आईचं भय पूर्ण खोटं नव्हतं. पहिल्या स्थळाला मी पहिल्याच भेटीत फळ्यावरचं सगळं सांगितलं. मुलगा झाला तर अर्धी शक्यता, मुलगी झाली तर तिला दिसेल. मुलाच्या आईने चहाचा कप अर्धा ठेवला आणि त्यांचं पुन्हा काही आलं नाही. माझ्या आईने मला दोन दिवस ऐकवलं. मी तिला म्हटलं, "आजीला सांगता येत नव्हतं, कारण तिला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. मग मी कशाला गप्प बसू?" दुसऱ्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आमच्याकडे मधुमेह आहे, आणि मला चाळिशीत टक्कल पडणार हे नक्की. तुम्हाला चालणार आहे का?" मी म्हटलं, चालेल. त्याच्याशीच लग्न केलं.

आमच्या मुलाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. त्याला शाळेत घातलं त्या पहिल्याच दिवशी मी बाईंना सांगितलं की याच्या खडूंवर रंगांची नावं लिहिलेली आहेत, त्याला वाचता येईपर्यंत तुम्ही सांगा. बाई माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काळजी करू नका, मी कोणाला सांगत नाही हं."

मी म्हटलं, "सांगा. वर्गात सगळ्यांना सांगा. म्हणजे मुलंच त्याला हिरवा काढून देतील."

मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात झाले. त्यानंतर जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केलं, आणि आता खराडीतल्या एका प्रयोगशाळेत आनुवंशिक तपासण्यांचं काम करते. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि रक्तात काय आहे ते आधी सांगून लग्नाला उभी राहिलेलीही मीच पहिली.